उसना गळा

दिवाळी सरते, बांध्यांतले धान कापून त्याचे पुंजणे पडतात, आणि आपल्या भंडारा जिल्ह्यात मंडईचे दिवस सुरू होतात. आज या गावी, उद्या त्या गावी. दिवसा पाळणे, बांगड्यांची दुकाने, जिलबी आणि शेवचिवडा. रात्री दंडार, खडी गंमत, नाहीतर पडद्याचे नाटक. श्रोतेहो, हे मी आपणांस सांगायला पाहिजे असे नाही. आपणांपैकी कित्येकांनी अशा रात्री घोंगडीवर बसून पहाट केली असेल. पण त्या रात्रीतल्या एका लहानशा घटकेकडे आज आपले लक्ष वेधावे असे मनात आहे.

नाटकाचा एक अंक संपलेला असतो. पुढल्या प्रवेशाचा पडदा लागायला वेळ असतो. तेवढ्यात एक तरुण ध्वनिक्षेपकापुढे येऊन उभा राहतो, आणि निवेदक मोठ्याने सांगतो, "आता ऐका, मुकेशच्या आवाजात!" मुलगा तोंड उघडतो आणि खरोखरच मुकेश गातो आहे असे वाटते. मग तो रफी होतो, किशोरकुमार होतो, शेवटी अमिताभ बच्चनच्या खर्जातल्या आवाजात गाऊ लागतो. लोक हसतात, शिट्ट्या घालतात, नोटा घेऊन पोरे धावतात. नाटकातला नायक रडून जे मिळवू शकला नाही ते हा पोरगा पाच मिनिटांत मिळवून जातो.

साकोलीच्या बाजूला एका मंडईत माझ्याजवळ बसलेल्या एका म्हाताऱ्या बाईंनी मला विचारले, "गुरुजी, हा पोरगाच गाते का मसीन गाते जी?" मी म्हटले, "पोरगाच गातो आहे, आजी." त्यावर त्या जरा वेळ ऐकत राहिल्या आणि म्हणाल्या, "मंग त्याचा सोताचा आवाज कसा आहे?"

मला उत्तर देता येईना. खरे म्हणजे मला ते यायला हवे होते, कारण तो पोरगा माझ्याच शाळेतला. चौथीपासून सातवीपर्यंत प्रत्येक स्नेहसंमेलनात मीच त्याला उभा करीत असे. पाहुणे आले की हाक मारून म्हणत असे, "अरे, साहेबांना रफी ऐकव." चार वर्षांत मी त्याच्याकडून पंधरा जणांचे आवाज काढून घेतले. सोळावा, त्याचा स्वतःचा, मी कधी मागितला नाही. त्या रात्रीपासून ही गोष्ट माझ्या मनात आहे, आणि उसन्या आवाजाने गाणे ही चाल आपल्याकडे आली कोठून, वाढली कशी, आणि आज तिला काय वळण लागले आहे, याचा मागोवा मी घेत राहिलो. तोच आज तुमच्यापुढे मांडतो.

नकला करणे ही काही नवी विद्या नव्हे. बहुरूपी दारात येऊन पोलीस पाटलाची ऐट दाखवी, आणि खुद्द पाटील हसे. आमच्या झाडीपट्टीच्या खडी गंमतीत पुरुषच लुगडे नेसून नाचतो आणि सोंगाड्या गावातल्या सावकाराचे बोलणे जसेच्या तसे उचलतो. पण पहा, या नकलेला एक मर्यादा होती. ज्याला ऐकले आहे त्याचीच नक्कल करता येणार, आणि ज्या लोकांनी त्याला ऐकले आहे त्यांनाच ती कळणार. पवनीच्या सावकाराची नक्कल तुमसरला चालायची नाही. गवयाची नक्कल करायची तर गवयापाशी राहायला हवे. आणि गवयापाशी दहा वर्षे राहिला तर त्याला नकल्या म्हणत नाहीत, शिष्य म्हणतात.

ही मर्यादा मोडली ती तबकडीने. १९०२ च्या नोव्हेंबरात कलकत्त्याला गौहरजान हिचे गाणे ग्रामोफोन कंपनीने मुद्रित केले, आणि पुढल्या पाव शतकात शहराशहरांतून, मग तालुक्याच्या गावांतून, कर्ण्याचे यंत्र वाजू लागले. एका बाजूस तीन-साडेतीन मिनिटे गाणे. गवयाला घरी बोलावण्याची ऐपत नसलेला मनुष्य आता हॉटेलात चहा पिता पिता अब्दुल करीम खाँ ऐकू लागला. आणि एकदाच नव्हे, हवे तितक्यांदा. ही "हवे तितक्यांदा"ची सोय फार महत्त्वाची आहे. बैठकीतली तान आली तशी निघून जाते. तबकडीवरची तान शंभर वेळा तश्शीच येते. तिची जागा, तिचा श्वास, तिच्यातला खोकलासुद्धा. गुरूच्या घरी न जाता गुरूचा गळा चोरण्याची ही पहिली वाट.

या वाटेने चालत आलेला सर्वांत नवलाचा मुलगा बेळगाव जिल्ह्यातला. सुळेभावी गावी ८ एप्रिल १९२४ रोजी जन्मलेला शिवपुत्र सिद्धरामय्या कोमकली. वडील गाणारे, घरात गाण्याचे वेड. सहा-सात वर्षांचा हा पोरगा एकाएकी गायला लागला तो काही सारेगमपासून नव्हे, तर मोठमोठ्या गवयांच्या तबकड्या जशाच्या तशा. रामकृष्णबुवा वझे यांची तबकडी ऐकली की वझेबुवा, सवाई गंधर्वांची ऐकली की सवाई गंधर्व, अब्दुल करीम खाँची ऐकली की खाँसाहेब. आवाजाची फेक, हरकतींची जागा, समेवर येण्याची लकब, सारे हुबेहूब. एका स्वामींनी त्याला कुमार गंधर्व ही पदवी दिली आणि वडील त्याला घेऊन गावोगाव जलसे करू लागले. लोक थक्क होत. तिकिटे खपत. आमच्या मंडईतल्या त्या पोराचे जे काम तेच या पोराचे. फक्त तेथे रफी-मुकेश नव्हते, उस्ताद आणि बुवा होते.

१९३६ साली हा मुलगा मुंबईत प्राध्यापक बी. आर. देवधर यांच्यापाशी आला. देवधरांनी जे पाहिले ते गुरुजनहो, आपण ध्यानात घ्यावे असे आहे. ज्या मुलाच्या गळ्यातून एवढे राग निघत होते, त्याला रागाचे नाव ठाऊक नव्हते. तो गाणे जाणत नव्हता. तबकडी जाणत होता. देवधरांनी त्याला झिडकारले नाही, आणि नुसते टाळ्या घेण्यासाठी उभेही केले नाही. त्यांनी त्याला आपल्या शाळेत ठेवून घेतले आणि सुमारे अकरा वर्षे शिकविले. निरनिराळ्या घराण्यांच्या गवयांना ऐकविले. ज्या गळ्यात दहाजण राहत होते तेथे हळूहळू अकराव्यासाठी जागा केली.

पुढली हकिगत तुम्हांला माहीत असेल. १९४७ साली क्षयाने गाठले. १९४८ च्या आरंभी कुमार देवासला हवापालटासाठी गेले, आणि कित्येक वर्षे गाणे बंद म्हणजे बंद. एक फुफ्फुस जवळजवळ निकामी. अंथरुणावर पडून त्यांनी माळव्यातल्या बायकांची, भिकाऱ्यांची, वाटसरूंची गाणी ऐकली. बरे होऊन पुन्हा गायला लागले तेव्हा लांब श्वासाच्या ताना गेल्या होत्या; लहान, तुटक, विजेसारख्या जागा आल्या होत्या. ते गाणे कोणाच्याच तबकडीत नव्हते.

आणि याच कुमारांनी मोठेपणी बालगंधर्वांची नाट्यपदे गायला घेतली, तेव्हा त्या कार्यक्रमाला नाव दिले "मला उमजलेले बालगंधर्व". पहा हं, "बालगंधर्वांच्या आवाजात" असे नव्हे. जो लहानपणी कोणाचाही आवाज काढू शकत होता, त्याने बालगंधर्वांचा आवाज काढायचे नाकारले, आणि मला जे समजले ते माझ्या गळ्यातून घ्या म्हणाला. तेव्हा काही जुने नाट्यरसिक नाराज झाले. मला त्यांचाही राग येत नाही. आपल्या तरुणपणचा आवाज पुन्हा कानी पडावा ही माणसाची भूक काही खोटी नसते.

त्या भुकेवर दुसऱ्या बाजूनेही उत्तर देता येते, हेही नमूद केले पाहिजे. आनंद भाटे हे लहान असताना बालगंधर्वांची पदे त्यांच्याच वळणाने गात, म्हणून लोक त्यांना आनंद गंधर्व म्हणू लागले. पुढे त्यांनी भीमसेन जोशींपाशी रीतसर तालीम घेतली. २०११ साली "बालगंधर्व" हा चित्रपट आला, त्यात पडद्यावरच्या बालगंधर्वांना त्यांनी गळा दिला, आणि त्यासाठी त्यांना सर्वोत्कृष्ट पार्श्वगायकाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. १९६७ साली वारलेल्या नटाचा आवाज चव्वेचाळीस वर्षांनी पुन्हा नाट्यगृहातल्यासारखा वाजला. हीही विद्याच आहे, आणि ती मागे तालमीचे बळ असल्यावाचून येत नाही.

आता सिनेमाकडे वळू. बोलपट आला तसा एक आवाज घराघरांत शिरला, कुंदनलाल सैगलचा. त्यानंतर जो पोरगा गायला लागला तो सैगलसारखाच. १९४५ साली "पहिली नजर" चित्रपटात मुकेशने एक गाणे म्हटले ते इतके सैगलच्या ढंगाचे की खुद्द सैगलने "हे मी कधी गायलो?" असे विचारले, अशी आख्यायिका सांगतात. त्याच साली सी. एच. आत्मा यांची तबकडी निघाली, तीही सैगलचीच म्हणून लोकांनी उचलली. आमचा शेजारी खांडव्याचा किशोरकुमार १९४८ च्या "जिद्दी"मध्ये पहिल्यांदा ऐकू आला तो सैगलच्या सावलीतच उभा राहून. १९४७ च्या जानेवारीत सैगल गेला. त्याच्यामागे त्याची सावली घालून बसलेले हे तिघे. पण मुकेश पुढे मुकेश झाला, किशोर तर असा किशोर झाला की आता त्याचीच नक्कल होते. आमच्या मंडईतला पोरगा मुकेशचा आवाज काढतो तेव्हा तो एका परीने नकलेची नक्कल करीत असतो. हे मी त्याला एकदा सांगितले. तो म्हणाला, "मंग माहा नंबर कवा लागंल, गुरुजी?"

आणि नावाचे काय? त्या काळी तबकडीवर गाणाराचे नाव असेलच असे नाही. १९४९ च्या "महल" चित्रपटातले लता मंगेशकरांचे गाजलेले गाणे निघाले तेव्हा तबकडीवर गायिकेचे नाव छापले होते "कामिनी". ते चित्रपटातल्या पात्राचे नाव! रेडिओवर ते वाजले आणि श्रोत्यांची विचारणा सुरू झाली, ही गाते कोण? रेडिओ ऐकणाऱ्या मंडळींनी आवाजाला नाव मिळवून दिल्याचा हा दाखला मला फार प्रिय आहे. आपले नागपूर केंद्र त्याच्या आदल्याच वर्षी, १९४८ साली, सुरू झाले होते. ग्रामपंचायतीच्या ओट्यावर एक रेडिओ आणि भोवती सारे गाव अशी ती वर्षे. रेडिओवर गाण्याआधी गाणाराचे नाव सांगतात ही साधी रीत आज कोणाच्या लक्षातही येत नाही. पण नाव सांगितल्याने आवाज माणसाला चिकटतो.

तबकड्यांनंतर आले ऑर्केस्ट्रा. साधारण १९७० नंतर गणेशोत्सवात, शारदोत्सवात, नागपूरहून, मुंबईहून वाद्यवृंद येऊ लागले. त्यांच्या भिंतीपत्रकांवर काय लिहिलेले असे आठवते का? "व्हॉइस ऑफ मुकेश", "व्हॉइस ऑफ रफी". खाली बारीक अक्षरांत गाणाराचे नाव, आणि कधी कधी तेही नाही. १९७६ साली मुकेश गेला, १९८० साली रफी, १९८७ साली किशोर. जसजसे ते गेले तसतसे हे "व्हॉइस ऑफ" वाढले. मेलेल्या माणसाचा आवाज ऐकायला लोक तिकीट काढीत होते. त्यात फसवणूक नव्हती. समोर उभा असलेला मनुष्य कोण नाही हे सर्वांना ठाऊक होते.

खरा घोटाळा केला कॅसेटने. तबकडी दाबायला कारखाना लागतो; कॅसेट भरायला एक खोली पुरते. १९८३ साली दिल्लीच्या गुलशन कुमार यांनी टी-सीरीज ही कंपनी काढली. दर्यागंजात फळांच्या रसाचे दुकान चालविणाऱ्या घरातला हा माणूस. त्याने पाहिले की रफी, मुकेश, किशोर यांची जुनी गाणी एका जुन्या कंपनीच्या मालकीची आहेत, ती महाग आहेत, आणि खेड्यात तर मिळतच नाहीत. मूळ ध्वनिमुद्रण विकणे म्हणजे चोरी. पण आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात एक दार उघडे होते. कलम ५२, त्यातले एक पोटकलम. एकदा रीतसर मुद्रित झालेले गाणे दुसऱ्या कोणी पुन्हा नव्याने गाऊन मुद्रित केले, मालकास सूचना दिली आणि ठरलेला मोबदला भरला, तर तो गुन्हा होत नव्हता. गाणे तेच, चाल तीच, बाजा तसाच. गळा मात्र दुसरा. तो दुसरा गळा जितका पहिल्यासारखा तितका माल खपणार, हे उघडच आहे.

अशा रीतीने "यादें" नावाच्या कॅसेटी निघाल्या. रफीच्या यादें, किशोरच्या यादें, मुकेशच्या यादें. किंमत कमी. पानठेल्यावर मिळू लागल्या, किराणा दुकानात मिळू लागल्या. लाखनीच्या बाजारात साबणाच्या वड्यांशेजारी त्या मांडलेल्या मी पाहिल्या आहेत. वेष्टनावर मोठ्या अक्षरांत आणि चित्रात कोण असे ते सांगायला नको. प्रत्यक्ष गाणाराचे नाव शोधायला चष्मा लागे. आमच्या गावच्या एका दुकानदाराकडे एक कास्तकार कॅसेट परत घेऊन आला, "हा रफी नाई ना जी!" दुकानदार म्हणाला, "भाऊ, पंधरा रुपयांत रफी येते का?" या उत्तरावर तो कास्तकार हसला आणि कॅसेट घेऊन परत गेला. हसला खरा, पण आपल्या मुलांनी पुढे तोच रफी समजून ऐकला, हेही तितकेच खरे.

या कॅसेटी गाणारे कोण होते? केदारनाथ भट्टाचार्य नावाचा एक बंगाली तरुण किशोरकुमारची गाणी गाई. संगीतकार कल्याणजी-आनंदजींनी त्याला नावही किशोरच्या वळणाचे दिले, कुमार सानू. १९९० साली "आशिकी" आला आणि त्या उसन्या नावाचा माणूस स्वतःच्या जोरावर उभा राहिला. फरीदाबादचा सोनू निगम वडिलांबरोबर लग्नसमारंभांत रफीची गाणी म्हणत वाढला; मुंबईत येऊन "रफी की यादें" गायला, आणि पुष्कळ दिवस "रफीची नक्कल" हा शिक्का वागवीत हिंडला. १९९७ साली "बॉर्डर" आणि "परदेस" आले तेव्हा कोठे लोकांनी त्याला त्याच्या नावाने हाक मारली. हे दोघे दाराबाहेर पडले. जे पडले नाहीत ते किती असतील! कॅसेटच्या कप्प्यात राहिलेल्या त्या गळ्यांची यादी कोणी ठेवलेली नाही.

त्याच सुमारास नकलांच्याही कॅसेटी निघाल्या, आणि त्यांत लबाडी नव्हती. हिंदुस्थान लिव्हरच्या कारखान्यात कामगार असलेला जॉन प्रकाश राव जनुमला सोबत्यांना नकलांनी हसवी, म्हणून सोबत्यांनीच त्याचे नाव ठेवले जॉनी लिव्हर. त्याच्या "हंसी के हंगामे" या कॅसेटी एसटीतल्या प्रवाशांनीसुद्धा ऐकल्या. त्यांत नट येत, त्यांचे बोलणे येई, गाणे येई, आणि प्रत्येक वेळी श्रोत्याला ठाऊक असे की हा जॉनी आहे. आमच्या विदर्भातल्या हिंगणघाटच्या सुनील पालने २००५ साली दूरचित्रवाणीवरची हास्यस्पर्धा जिंकली, तीही याच घराण्याची विद्या. नकल्या आपले तोंड उघडे ठेवून नक्कल करतो. म्हणून तो प्रामाणिक.

या दोन वाटांच्या मधोमध उभे आहेत सुदेश भोसले. मुंबईचे मराठी गृहस्थ. घरात आईकडून शास्त्रीय गाणे. वडील सिनेमाची भिंतीपत्रके रंगवीत, आणि सुदेशही काही काळ तेच करीत. "मेलडी मेकर्स" या वाद्यवृंदात ते आवाज काढीत. राहुलदेव बर्मन यांनी १९८८ च्या "झलझला"मध्ये त्यांना गायला लावले. मग १९९१ साली "हम" चित्रपटात अमिताभ बच्चन यांच्यासाठी त्यांनी जे गाणे म्हटले, ते देशभर वाजले. बच्चन स्वतः गात नसत असे नाही. १९७९ च्या "मिस्टर नटवरलाल"मध्ये ते स्वतःच गायले होते, त्यामुळे त्यांचा गाता आवाज कसा आहे हे लोकांना पक्के माहीत होते. म्हणूनच तर पुष्कळांना "हम"मध्येही तेच गात आहेत असे वाटले. आता हे बक्षीस म्हणायचे की शिक्षा? काम इतके उत्तम केले की करणाराच दिसेनासा झाला.

त्यांनी आणखी एक काम केले, ते मला अधिक मोठे वाटते. संजीवकुमार १९८५ साली वारले तेव्हा त्यांचा एक चित्रपट अपुरा राहिला होता, "प्रोफेसर की पडोसन". तो पुढे प्रदर्शित झाला, आणि त्यात संजीवकुमारांच्या ओठांवर आवाज सुदेश भोसल्यांचा आहे. मेलेल्या नटाचे अर्धे राहिलेले बोलणे जिवंत माणसाने पुरे केले. यात दोन माणसे लागली, हे लक्षात असू द्या.

कायद्याने मग हळूहळू दार ओढून घेतले. १९९४ साली गाणाराला स्वतःच्या सादरीकरणावर हक्क मिळाला. २०१२ साली नवे कलम आले: मूळ गाणे निघाल्यावर पाच वर्षे पुनर्गायन काढता येणार नाही, किमान पन्नास हजार प्रतींचा मोबदला दरसाल आगाऊ धरला जाईल, वेष्टनावर मूळ गाणाराचे नाव किंवा चित्र छापता येणार नाही, आणि हे पुनर्गायन आहे असे स्पष्ट लिहावे लागेल. त्या कास्तकाराची तक्रार दिल्लीला पोहोचली म्हणायची, वीस-पंचवीस वर्षांनी. तोवर कॅसेट मात्र बाजारातून उठून गेली होती.

परंतु गाण्याचा कायदा झाला, गळ्याचा काय? अमेरिकेत बेट मिडलर नावाची गायिका आहे. एका मोटारीच्या जाहिरातीसाठी तिला गायला सांगितले, ती नाही म्हणाली. तेव्हा जाहिरातवाल्यांनी तिच्याच मागे साथ करणाऱ्या एका बाईला "जशीच्या तशी म्हण" सांगून गाणे उरकले. मिडलर न्यायालयात गेली आणि १९८८ साली न्यायालयाने म्हटले की गायिकेचा ओळखीचा आवाज ही तिचीच चीज आहे, विक्रीसाठी तो असा उचलता येणार नाही. पुढे तिला चार लाख डॉलर भरपाई मिळाली. आपल्याकडे २०२२ च्या नोव्हेंबरात दिल्ली उच्च न्यायालयाने अमिताभ बच्चन यांचे नाव, छबी आणि आवाज परवानगीवाचून धंद्यासाठी वापरण्यास मनाई केली.

आणि आता त्या आजींचा प्रश्न खरा ठरला आहे. मशीनच गाऊ लागले आहे. कोणाचे मूळ गाणे काही वेळ ऐकविले की संगणक तो आवाज उचलतो, आणि मग तुम्ही-आम्ही काहीही म्हटले तरी ते त्या आवाजात निघते. २०२४ च्या आरंभी ए. आर. रहमान यांनी "लाल सलाम" या तमिळ चित्रपटात दिवंगत झालेल्या दोन गायकांचे आवाज, बंबा बाक्या आणि शाहुल हमीद यांचे, अशा यंत्राने पुन्हा गायला लावले. त्यांनी दोघांच्या कुटुंबांची परवानगी घेतली आणि मोबदला दिला, हे सांगायलाच हवे. त्याच वर्षीच्या जुलैत गायक अरिजित सिंह यांना मात्र मुंबई उच्च न्यायालयात जावे लागले, कारण त्यांचा आवाज कोणालाही काढून देणारी यंत्रे परवानगीवाचून सर्रास चालली होती. न्यायालयाने ती अंतरिम आदेशाने थांबविली.

येथे एक फरक मला शिक्षक म्हणून डाचतो. कुमार गंधर्वांनी सवाई गंधर्वांचा आवाज काढला तेव्हा त्या तानेसाठी त्या पोराचा श्वास खर्च झाला होता. चुकत माकत, घसा खरवडत त्याने ती जागा गाठली, आणि गाठता गाठता त्याला आपल्या गळ्याचा नकाशा कळला. मुकेश सैगलमधून गेला म्हणून मुकेशपाशी पोहोचला. लेकरू आईच्या बोलण्याची नक्कल करीतच बोलायला शिकते. मशीनमधून कोणी कोठे पोहोचत नाही. तेथे जायला माणूसच नाही. वर्गात पोरगा माझीच नक्कल करतो, माझा खाकरणे, माझा चष्मा सावरणे, तेव्हा मी पूर्वी छडी उगारीत असे आणि नंतर नंतर त्याला पाहुण्यांपुढे उभा करू लागलो. देवधरमास्तरांनी तिसरे काहीतरी केले होते. ते मला पन्नाशी उलटल्यावर कळले.

गेल्या मंडईत तो माझा विद्यार्थी पुन्हा भेटला. आता त्याचे केस पिकू लागले आहेत. दिवसा धानाची शेती, आणि दिवाळी ते होळी नाटकमंडळींबरोबर फिरणे. पडद्यामागे बाजेवर बसून चहा पीत होता. मी त्याला सांगितले की त्याच्याच मुलाच्या मोबाइलवर आता मुकेशचा आवाज कोणीही काढू शकतो. तो म्हणाला, "पाहिलं ना जी. पोराने माह्याच आवाजावर मुकेश चढवला. मिनटाभरात. मले बारा वर्स लागले होते."

मी विचारले, "तुझ्या स्वतःच्या आवाजात काही म्हणतोस का रे कधी?"

तो बराच वेळ गप्प राहिला. मग जरा संकोचून म्हणाला की रोवणीच्या दिवसांत बांधीत चिखलात उभा असताना बायांच्या गाण्यात तो सूर मिसळतो, तेव्हा कोणाचाच आवाज काढत नाही. मी म्हटले, तेच आज म्हण. तो हसला. "ते का इस्टेजवर म्हनाचं असते का, गुरुजी? आन् आयकाले कोन बसंल?"

"मी बसतो," मी म्हटले.

तेवढ्यात बाहेर ऑर्गन वाजू लागला. निवेदकाने आवाज दिला, "आता ऐका, मुकेशच्या आवाजात!" त्याने कप बाजेखाली ठेवला, सदरा खाली ओढला, आणि पडदा बाजूला सारून तो गेला. मी पुढे येऊन घोंगडीवर जागा धरली. पहिले गाणे मुकेशचे झाले. दुसरे रफीचे. तिसऱ्या गाण्याआधी त्याने पेटीवाल्याला हाताने थांबविले आणि खाली, मी बसलो होतो त्या बाजूस, पाहिले.